पोस्टकार्डावरची गुपितं

2016 च्या उन्हाळ्यात दादा-वहिनीकडे अमेरिकेला गेले होते. लिंकन मेमोरियल, व्हाइट हाऊस वगैरे सगळ्यांनीच लिहिलंय, ते सोडते. शेडी ग्रोव्हहून मेट्रोची रेड लाइन पकडून आम्ही वॉशिंग्टनच्या युनियन स्टेशनला उतरलो, शेजारीच जुन्या पोस्ट ऑफिसच्या बिल्डिंगमध्ये स्मिथसोनियनचं पोस्टल म्युझियम आहे, एंट्री फुकट, त्यामुळे दादा खूश.

टपालाची विमानं वगैरे बघून पुढे गेलो तर पोस्टकार्डंच पोस्टकार्डं! पोस्टसीक्रेट नावाच्या प्रकल्पाचं प्रदर्शन तेव्हा तिथे लागलं होतं. फ्रँक वॉरन म्हणून एक जण, त्याने 2004 मध्ये 3,000 कोरी कार्डं स्वतःच्या घरचा पत्ता टाकून वॉशिंग्टनमध्ये अनोळखी लोकांना वाटली, यावर आपलं एक गुपित लिहून पाठवा म्हणून. गुपित खरं पाहिजे, आधी कुणाला सांगितलेलं नको आणि खाली नाव नको. कार्डं संपली तरी लोक घरीच कार्डं बनवून पाठवत राहिले, आकडा दहा लाखांच्या वर गेला. पत्ता जर्मनटाऊनचा, म्हणजे वहिनीच्याच गावचा, आणि तिला पत्ताच नाही :)

यातल्या काही कबुल्या फार गाजल्यात. कॉफीच्या दुकानात काम करणाऱ्या कुणीतरी लिहिलंय की उद्धट गिऱ्हाइकांना मी मुद्दाम डीकॅफ, म्हणजे कॅफीन काढलेली कॉफी देते. एकात म्हटलंय, 9/11 च्या आधी मला ओळखणाऱ्या सगळ्यांना वाटतं की मी मेलोय. पहिलीला हसू येतं आणि दुसरी वाचून पाय हलत नाही. खूप चिकटवाचिकटवी करून सजवलेली कार्डं मला जरा नाटकीच वाटली, साध्या पेनने एक ओळ खरडलेली जास्त भिडतात.

मला राहून राहून एकच प्रश्न, पोस्टकार्डच का? आपल्याकडे पूर्वी कार्ड म्हणजे पोस्टमनपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांनी वाचायचं, कोपरा फाडलेला दिसला की कुणीतरी गेलं हे कळून न वाचताच रडारड, खाजगी काही असलं तर आंतर्देशीय. इथे मात्र जन्मात कुणाला न सांगितलेलं उघड्या कार्डावर, वाटेतल्या सगळ्या टपालवाल्यांच्या डोळ्यांखालून! मग वाटलं, पाकिटात घातलं की ते कुणा एकाला लिहिलेलं पत्र होतं, त्याच्या उत्तराची वाट बघणं आलं. उघड्या कार्डाला ती भानगडच नाही.

वहिनीला पटलं. दादा म्हणाला, "ते ठीक आहे गं, पण पापं कबूल करायची आणि वर तिकीटही आपणच लावायचं?"