पर्वतीवरून अर्ध्यातून परत आले

रविवार, सकाळचे सव्वानऊ

आत्ताच पर्वतीवर जाऊन आले, म्हणजे वर नाहीच गेले, अर्ध्यातूनच परत, आणि तरी इतकं बरं वाटतंय की आंघोळ बाजूला ठेवून आधी लिहायला बसलेय.

१०३ पायऱ्या आहेत पर्वतीला. दीड वर्षापूर्वी मी त्या रोज परत परत चढायचे उतरायचे, पावसात, अंगात ताप असताना, एकदा तर घोटा सुजलेला होता तरी. आणि सगळे कौतुक करायचे! सोसायटीतल्या काकू आईला सांगायच्या, तुमच्या मुलीचा नेम बघा, आमची आठ वाजले तरी अंथरुणात. जिममधला ट्रेनर बाकीच्यांना माझं उदाहरण द्यायचा. तेव्हा सात महिने माझी पाळी आलेली नव्हती आणि केस विंचरले की फणी भरून केस यायचे, पण ते कोणाला दिसत नव्हतं, आणि ज्यांना दिसत होतं त्यांना मी बोलू देत नव्हते.

न खाणं हा आजार आहे हे लोकांना पटतं हो, पण व्यायाम म्हटलं की चांगलाच असणार असं सगळे धरून चालतात, मीही तेच धरलं होतं. नाडी मंद लागली तेव्हा मला वाटलं मी एकदम फिट झालेय, खेळाडूंची असते तशी. डॉक्टरांनी ईसीजी समोर ठेवला आणि शांतपणे म्हणाले, हे खेळाडूचं हृदय नाही, उपाशी हृदय आहे. शरीराला अन्न मिळालं नाही की ते स्नायू मोडून वापरतं, आणि हृदय पण स्नायूच. मग हाडांचा डेक्सा स्कॅन, त्यात हाडं माझ्या वयाच्या मानाने विरळ निघाली कारण पाळी थांबते तेव्हा हाडांना सांभाळणारं इस्ट्रोजेनही कमी झालेलं असतं. त्या दिवसापासून व्यायाम पूर्ण बंद, जिनासुद्धा नको, लिफ्टनेच जायचं.

मला सगळ्यात जास्त वाईट शतपावलीचं वाटतं. आमची आजी जेवण झालं की गॅलरीपासून पुढच्या खोलीपर्यंत फेऱ्या मारायची, गप्पा मारत, मधेच थांबून तुळशीची वाळलेली पानं काढत, शंभर पावलं होतात की नाही हे तिने कधी बघितलं असेल असं मला वाटत नाही. मी त्याच शतपावलीची वसुली करून टाकली, पोळी खाल्ली ना, मग फेड आता. रात्री साडेबारा एक वाजेपर्यंत फेऱ्या. मला वाटायचं घर झोपलंय. मागच्या महिन्यात बाबा म्हणाले, "तुझ्या चपलांचा आवाज थांबेपर्यंत आम्ही दोघं जागेच असायचो गं."

हातावरच्या घड्याळाला रोज १०,००० पावलं लागायची, थोडी कमी पडली तर मी अंथरुणातून उठून जागच्या जागी चालायचे. आता फिजिओ मॅडमनी सांगितलं की हा आकडा कुठल्या डॉक्टरने तपासून काढलेला नाहीच, १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच मांपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर, तिथून तो जगभर पसरला. मी ऐकून रडले. इतकी वर्षं ज्याच्या धाकात होते ते एका यंत्राचं नाव होतं! घड्याळ आईकडे दिलं, तिच्या कपाटात पासबुकांच्या खाली पडलंय.

आता चालायची परवानगी मिळालीये, पण खाऊन निघायचं, एकटीने जायचं नाही, आणि ज्या दिवशी आतून "गेलंच पाहिजे" असं धडधडेल नेमकं त्याच दिवशी जायचं नाही, आधी आईला सांगायचं. हे शेवटचं मला फार जड जातं. मागच्या मंगळवारी असंच झालं, आईला सांगितलं, ती काही बोलली नाही, मटारच्या शेंगा आणून माझ्यासमोर ठेवल्या आणि आम्ही सोलत बसलो, तासाभराने ते ओसरलं.

आज मात्र तसं काही नव्हतं, हवा छान होती म्हणून जावंसं वाटलं. पोहे खाऊन बाबांबरोबर निघाले. पर्वतीच्या पायऱ्या लांब आणि उतरत्या आहेत, एकेकीवर दोन दोन पावलं टाकावी लागतात, मधेच मांड्या थरथरायला लागल्या आणि डोक्यातला तो जुना आवाज लगेच आलाच, इथे थांबलीस तर सगळं फुकट. मी कठड्याला टेकून बसले. बाबांनी खिशातून कागदात गुंडाळलेला राजगिऱ्याचा लाडू काढला, अर्धा मला अर्धा त्यांना, माझा हातातच फुटला, ओढणीवर सगळे दाणे, ते एकेक टिपून खाल्ले. खूप दिवसांनी काहीतरी खाताना मी नुसती खात होते.

"वर जायचंय?" बाबांनी विचारलं.

"नको, बास."

त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि आम्ही उतरायला लागलो. कितव्या पायरीवर बसलो होतो ते मला माहीत नाही, मोजलंच नव्हतं, हे खाली रिक्षात बसल्यावर लक्षात आलं.

रात्री बाबा शतपावलीला चल म्हणालेत, गल्लीच्या टोकापर्यंत. जेवल्यावर बघू. आई मघापासून हाका मारतेय, पाणी गार होतंय म्हणून.