आमची वाटचाल: मोजपात्र, इव्हो आणि तीन तारांचा सेन्सर

आमच्या गाळ्यात शिरलं की उजव्या हाताच्या फळीवर काचेचं एक मोजपात्र दिसतं. १०० मिलीचं, कडेचा टवका उडालेलं. ते आप्पांचं. गॅरेजमधलं बाकी सगळं बदललं, ते काही हललं नाही.

आप्पांनी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गाळा घेतला तो १९८७ साली. एका बाजूला लेथ, दुसऱ्या बाजूला फाउंड्री, आणि मधे हे कार्ब्युरेटर उघडून बसलेले. भेसळीचा जमाना होता. गिऱ्हाइकाची गाडी ठसकायला लागली की आप्पा आधी जेटला हात लावायचे नाहीत, पेट्रोल बघायचे. मी २००९ मध्ये डिप्लोमा करून आलो तेव्हा कार्ब्युरेटर संपत आले होते. मी इंजेक्टर सफाईचं मशीन आणलं, मग स्कॅनर, मग लॅपटॉप. पुढं शर्यतीच्या गाड्यांचे ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारे छोटे संगणक, ट्यून करायला लागलो. डायनो, म्हणजे गाडी जागेवर पळवून ताकद मोजायचं यंत्र, आमच्याकडं आजही नाही, पुण्यात तासाच्या भाड्यानं घेतो. आप्पा म्हणायचे, "लॅपटॉपनं गाडी पळती व्हय रं?" पळते, आप्पा. पण कधी कधी मोडतेही, ते पुढं सांगतो.

इथेनॉलचा आणि आमचा संबंध तसा भौगोलिकच. चारी बाजूंना ऊस, कारखाने, डिस्टिलऱ्या. गळीत हंगामात मळीचा वास गाळ्यापर्यंत येतो. पण उत्पादन शुल्काच्या परवान्याशिवाय लिटरभर इथेनॉल हाताला लागायचं नाही. देशात २०१३-१४ मध्ये पेट्रोलमधलं मिश्रण सरासरी १.५३ टक्के होतं, म्हणजे असून नसल्यासारखं. जून २०२२ मध्ये ते १० वर गेलं, फेब्रुवारी २०२३ मध्ये पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आलं आणि २०२५ मध्ये देशाची सरासरी २० ला पोचली. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांतल्या निवडक पंपांवर ई-१०० मिळायला लागलं. नावात शंभर असलं तरी त्यात इथेनॉल ९३ टक्क्यांच्या आसपास, बाकी थोडं पेट्रोल आणि दोन्ही एकजीव ठेवणारं द्रावक.

साध्या गाडीवाल्याला यातलं मायलेज तेवढं दिसतं. लिटरमागं इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशानं कमी. ई-२० वर जुन्या गाड्यांचं मायलेज ६-७ टक्क्यांनी घटेल, हे नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलेलं होतं. पण टर्बो गाडीवाल्याच्या डोळ्यात वेगळीच चमक येते. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, म्हणजे ते दाबाखाली अवेळी पेटत नाही, आणि वाफ होताना ते भरपूर उष्णता ओढून घेतं. सिलिंडर थंड राहतो, स्पार्क पुढं घेता येतो (ठिणगी लवकर पाडता येते), बूस्ट, म्हणजे टर्बोनं हवा कोंबायचा दाब, वाढवता येतो. फक्त जाळायला ते जास्त लागतं: एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा, तर एक किलो इथेनॉलला ९ च.

तासगावचे एक द्राक्षबागायतदार आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्याकडं मित्सुबिशीची दहाव्या पिढीची इव्हो ही वेगवान गाडी आहे, दोन लिटरचं टर्बो इंजिन, वर आम्ही बसवलेला बाजारी ईसीयू. गाडी धावपट्टीवरच्या ड्रॅगसाठी (सरळ रेषेतल्या शर्यतीसाठी), ट्रेलरवरून नेण्याआणण्याची. हे मुद्दाम लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीच्या मूळ घडणीत असा बदल करून रस्त्यावर फिरता येत नाही, आणि रस्त्यावरच्या गाडीला आम्ही हे काम करून देत नाही. त्यावरून दोन-चार जण रुसलेत.

२०२४ च्या दिवाळीनंतर ते म्हणाले, गाडी ४० टक्के इथेनॉलवर करूया. ५५ लिटरची टाकी: १५ लिटर ई-१०० आणि ४० लिटर पंपावरचं. पंपावरचं खरंच ई-२० आहे का, ते आप्पांच्या मोजपात्रात बघितलं. पद्धत सोपी आहे. १० मिली पाणी, त्यावर ९० मिली पेट्रोल, झाकण लावून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं आणि खालचा थर फुगतो. १० चा २७ झाला. म्हणजे ९० मध्ये १७, साधारण १९ टक्के. इथेनॉल नि पाणी मिसळल्यावर किंचित आकसतात, त्यामुळं आकडा थोडा कमीच दिसतो. हिशेब ४० वर बरोबर जमला, पुण्यात डायनोवर मॅप (इंधन किती आणि स्पार्क कधी, याचा ईसीयूतला तक्ता) केला, गाडी वेड्यासारखी ओढायला लागली.

मग त्यांनी धावपट्टीवर सरावाच्या फेऱ्या मारल्या, टाकी निम्मी केली आणि वर पंपावरचं साधं ई-२० भरून टाकी फुल्ल केली. झालं. ४० चे ३० झाले, आणि ईसीयूला त्याची खबर नाही. तो ४० च्याच हिशेबानं इंधन टाकत राहिला, स्पार्कही तेवढाच पुढं. जास्तीच्या इंधनानं फार बिघडलं नसतं, मिश्रण उलट थोडं दाटच झालं होतं. पण तो स्पार्क ३० टक्क्यांना सोसणारा नव्हता. तिसऱ्या गिअरमध्ये डबड्यात खडे वाजल्यासारखा आवाज आला आणि मागं निळा धूर. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, घेतलं: तीन सिलिंडर १५० पीएसआयच्या आसपास, दुसरा ८५. पिस्टन काढला तर दोन रिंगांमधली कड तुटलेली.

चूक आमची. इंधन अवेळी पेटल्याचा तो खडखडाट पकडणाऱ्या नॉक सेन्सरची सेटिंग मी ढिली ठेवली होती, आणि टाकीत पुढं काय पडणार याचा विचारच केला नव्हता. मजुरी आणि बोअरिंग आमच्या अंगावर घेतलं. फोर्ज्ड पिस्टन घालायचं त्यांनी ठरवलं, त्याचे पैसे त्यांनी दिले. पावणेदोन महिने गाडी आमच्या दारात उभी. उद्यमनगरात अशी गाडी उभी राहिली की येणारा-जाणारा विचारतोच. आप्पा सगळ्यांना इमानदारीनं सांगायचे, "पोरानं मोडली."

त्यानंतर इंधनातलं इथेनॉल मोजणारा सेन्सर मागवला. मुठीत मावेल एवढा, दोन बाजूंना नळीची तोंडं, खाली तीन तारांचं सॉकेट: १२ व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. आतून जाणाऱ्या इंधनाचा विद्युत-गुणधर्म तो मोजतो. पेट्रोलचा डायइलेक्ट्रिक अंक २ च्या आसपास, इथेनॉलचा २४-२५, त्यामुळं फरक लपत नाही. सिग्नल वारंवारतेत येतो: निव्वळ पेट्रोलला ५० हर्ट्झ, निव्वळ इथेनॉलला १५०. आलेल्या आकड्यातून ५० वजा करा, उरली ती टक्केवारी. त्याच तारेतल्या पल्सच्या रुंदीवरून इंधनाचं तापमानही कळतं. ज्यानं हे जुळवलं त्याला दंडवत.

इव्होला इंजेक्टरांच्या रेलवरच्या, दाब आवरणाऱ्या रेग्युलेटरमधून टाकीकडं परत जाणारी (रिटर्न) लाइन आहे. तिथं दाब कमी असतो आणि इंजिनचा पुरवठाही अडत नाही, म्हणून सेन्सर तिथंच. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवलं, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. मग बॅटरी सोडली, अग्निशामक सिलिंडर पायाशी ठेवला. आमचे मामा म्हणजे आप्पांच्या वेळचे मिस्त्री. त्यांनी सवयीनं रबरी नळी सेन्सरच्या तोंडावर चढवून क्लिप आवळली. मी काढायला लावली. ती तोंडं खटक्याच्या कनेक्टरसाठी असतात, क्लिप त्यांच्यावर धरून राहत नाही, आणि साधं रबर इथेनॉलमध्ये फुगतं. "चाळीस वर्षं क्लिपाच आवळतोय की," मामा पुटपुटले. पण टेफ्लॉनच्या अस्तराची नळी आणि योग्य कनेक्टर त्यांनीच इतक्या सफाईनं बसवले की मला जमलं नसतं. जागा टर्बोपासून लांब, इनटेकच्या बाजूला.

किल्ली फिरवली. लॅपटॉपवर शून्य.

अर्धा दिवस गेला. तारा तपासल्या, १२ व्होल्ट होते, अर्थ होता. सेन्सरच नकली आला की काय म्हणून मी विकणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. शेवटी कळलं, हा सेन्सर सिग्नलची तार फक्त अर्थकडं ओढतो, ती वर धरून ठेवायला ईसीयूच्या बाजूनं पुल-अप रेझिस्टर लागतो. आमच्या ईसीयूच्या त्या पिनला तो नव्हता. दोन रुपयांचा रेझिस्टर! तो टाकला आणि पडद्यावर ६९ उमटले. टाकीत पंपाचं साधं पेट्रोल होतं. मी १९ टक्के म्हणालो तेव्हा आप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी रिटर्न लाइनमधून थोडं पेट्रोल घेतलं, मोजपात्र खाली काढलं, हलवलं, चष्मा कपाळावर नेऊन डोळ्यासमोर धरलं. थर २७ वर. "बरोबर हाय," म्हणाले, आणि चहा सांगितला.

आता ईसीयूत दोन मॅप असतात, एक साध्या पेट्रोलचा आणि एक जास्त इथेनॉलचा, आणि सेन्सरच्या आकड्याप्रमाणं तो मधला मार्ग काढतो. आकडा ४५ च्या खाली किंवा १५५ च्या वर गेला की बूस्ट आपोआप कमी. ही वरची मर्यादा मी पुस्तकातली म्हणून घातली होती. पहिल्याच पावसाळ्यात, महिनाभर उघड्यावर उभी राहिलेली एक गाडी १७० दाखवायला लागली. पाण्याचा डायइलेक्ट्रिक अंक ८०. टाकीच्या तळाशी पाणी नि इथेनॉलचा वेगळा थर साचला होता आणि पंप तोच ओढत होता. टाकी उतरवून जवळजवळ तीन लिटर गढूळ पाणी काढलं.

सध्या आम्ही पाच जण आहोत. पोट भरतं ते रोजच्या सर्व्हिसिंगवर आणि ई-२० च्या धास्तीनं जुन्या गाड्यांच्या नळ्या, ओ-रिंगा बदलून घेणाऱ्यांवर. सेन्सरची कामं वर्षात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. थेट सिलिंडरमध्ये इंजेक्शन असलेल्या गाड्यांचं गणित अजून पुरतं बसलेलं नाही. त्यांना बहुधा रिटर्न लाइन नसते, सेन्सर पुरवठ्याच्या लाइनमध्येच टाकावा लागतो, आणि जास्त इथेनॉलला उच्च दाबाचा पंप पुरा पडत नाही. तशी एक स्कोडा ऑक्टाव्हिया या आठवड्यात दारात उभी आहे.

तासगावकर प्रत्येक वेळी पेट्रोल भरलं की डॅशवरच्या आकड्याचा फोटो पाठवतात, मागितला नसला तरी. काल रात्री साडेअकराला आला: ८८. आप्पा शेजारच्या खाटेवर जागेच होते. "किती?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "मग अडतीस," म्हणाले आणि कूस बदलली.