जुन्या गोव्यातले पवित्र अवशेष: एका दिवसाची वाट आणि मागून येणाऱ्यांसाठी सूचना

पणजीच्या कदंब बसस्थानकावरून जुन्या गोव्याच्या बस दिवसभर सुटतात. अंतर साधारण १० किलोमीटर, वेळ वीस ते तीस मिनिटं. रेल्वेनं येणाऱ्यांना करमळी स्थानक सोयीचं, तिथून चर्चचा परिसर दोन-तीन किलोमीटरवर आहे. मात्र सगळ्या गाड्या करमळीला थांबत नाहीत, तिकीट काढण्याआधी थांबा बघून घ्यावा. मडगावला उतरलात तर रस्त्यानं तासाभराहून जास्त वेळ धरावा.

थेट जुन्या गोव्याला जाण्याऐवजी वाहकाला विचारून रायबंदरमार्गे जाणारी बस पकडावी आणि रायबंदरला उतरावं. पर्यटकांच्या यादीत हे गाव सहसा नसतं. पण संत, अवशेष आणि पंथ हा विषय समजून घ्यायला निघालेल्यानं सुरुवात इथूनच करावी. इथल्या सेंट मेरीज ऑर्थोडॉक्स सिरियन चर्चमध्ये आल्वारिस मार युलियुस यांचे अवशेष आहेत. मूळ नाव आंतोनियु फ्रान्सिस्कु शावियर आल्वारिस, जन्म १८३६, गाव वेर्णा. ते गोव्यातले कॅथलिक धर्मगुरू होते. चर्चच्या वरिष्ठांशी त्यांचा संघर्ष झाला, ते केरळच्या मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये गेले आणि १८८९ मध्ये तिथे त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. सप्टेंबर १९२३ मध्ये ते वारले, पणजीत पुरले गेले आणि पुढे त्यांच्या अस्थी रायबंदरला आणल्या गेल्या. त्यांच्या नावातच 'फ्रान्सिस झेवियर' आहे, म्हणजे जुन्या गोव्यात ज्याचे अवशेष आहेत त्या सोळाव्या शतकातल्या जेझुइट धर्मप्रचारक संताचं नाव, हे लक्षात ठेवून पुढची बस धरावी. पंथ बदलला तरी संतांविषयीची श्रद्धा सुटतेच असं नाही. ऑर्थोडॉक्स परंपरेत संतांची मध्यस्थी आणि अस्थींचा मान कॅथलिकांइतकाच खोल आहे. रोमशी त्यांचा मतभेद आहे तो पोपच्या अधिकारासारख्या इतर मुद्द्यांवर.

जुन्या गोव्यात उतरल्यावर समोर लाल जांभ्या दगडाचं बाँ जेझूस बॅसिलिका दिसतं. 'बाँ जेझूस' म्हणजे 'भला येशू'. पायाभरणी १५९४ ची, १६०५ मध्ये ते देवाला अर्पण झालं. गोव्यातली बाकीची चर्च पांढरीशुभ्र असताना हे एकटंच लाल का, असं प्रत्येक जण विचारतो. यालाही गिलावा होता, तो १९५० च्या दशकात खरवडून काढला. जांभा सच्छिद्र असतो, पावसाचं पाणी पितो, आणि त्याची झीज भिंतीजवळ गेलं की उघड्या डोळ्यांना दिसते. जुन्या वास्तूवर असा प्रयोग व्हायला नको होता.

आत शिरल्यावर लगेच उजवीकडे वळू नका. बहुतेक लोक दारातून थेट झेवियरच्या कबरीकडे चालू लागतात आणि इमारत जे सांगते ते हुकतं. मधल्या वाटेवर उभं राहून आधी समोर बघा. मध्यभागी सोनेरी मुख्य वेदी आहे. तिच्यावर बाळ येशू, त्यामागे जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचा भव्य पुतळा, आणि त्यांची नजर वर येशूच्या नावाच्या आद्याक्षरांकडे लागलेली. ज्या संतासाठी सारं जग इथे येतं त्याच्या अस्थी मात्र बाजूच्या कपेलात, म्हणजे छोट्या प्रार्थनाकक्षात, उजव्या हाताला. संत बाजूला आणि वेदी मध्ये, ही कॅथलिक शिकवण इथे मांडणीतच दिसते. आराधना फक्त देवाची, संतांचा फक्त सन्मान, आणि संतांकडे मागायचं ते 'आमच्यासाठी विनंती करा' एवढंच. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं हेच पुन्हा ठामपणे सांगितलं आणि सोबत अंधश्रद्धा व पैसे उकळणं बंद करण्याची ताकीदही दिली.

आता कपेलाकडे या. संगमरवरी चौथरा टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याची भेट. फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोजिनी यानं तो घडवला आणि १६९८ मध्ये तो इथे उभा राहिला. चार बाजूंना काशाचे चार पट आहेत, त्यांत झेवियरच्या आयुष्यातले प्रसंग. वरची चांदीची पेटी मात्र गोव्याच्याच कारागिरांची, १६३६-३७ ची, तिच्यावर ३२ चित्रपट्ट्या आहेत. पेटी बरीच उंचावर असल्यानं एरवी खालून काचेतून फारच थोडं दिसतं, आणि लांबून आलेली माणसं हिरमुसतात. लहान दुर्बीण बरोबर असली तर पेटीवरची नक्षी नीट पाहता येते.

जवळून दर्शन होतं ते दर दहा वर्षांनी होणाऱ्या शवप्रदर्शन सोहळ्यात. तेव्हा अवशेष मिरवणुकीनं समोरच्या से कॅथेड्रलमध्ये नेले जातात. मागचा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असा झाला. वर्तमानपत्रांत 'शव' हा शब्द रुळला असला तरी चर्च आपल्या निवेदनांत 'पवित्र अवशेष' म्हणतं, आणि तेच नेमकं आहे. झेवियर ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या किनाऱ्याजवळ सांचियन बेटावर वारला. मांस लवकर झडून हाडं नेता यावीत म्हणून प्रेताभोवती चुना घातला होता. १५५३ च्या फेब्रुवारीत उकरलं तेव्हा देह शाबूत निघाला. तो मलाक्काला गेला आणि मार्च १५५४ मध्ये गोव्यात आला. त्यानंतर भक्तीनंच त्याचे भाग केले. दर्शनाच्या वेळी एका बाईनं पायाचं बोट चावून तोडलं अशी परंपरागत कथा आहे. १६१४ मध्ये उजवा हात कोपरापासून काढून रोमला नेला, तो तिथल्या जेझू चर्चमध्ये आहे. दंडाचं हाड मकावला गेलं. आज जे आहे ते वाळून आक्रसलेलं शरीर. 'अजून ताजं आहे' असं सांगणाऱ्या वाटाड्यांवर विसंबू नका. न कुजलेला देह ही संतपदाची अट कधीच नव्हती, आणि झेवियरला १२ मार्च १६२२ ला संत घोषित केलं तेही त्यावरून नाही.

याच कपेलापुढे वेगवेगळ्या पंथांचे ख्रिस्ती वेगवेगळे वागताना दिसतात. कॅथलिक गुडघे टेकतो, क्रूसाची खूण करतो. नगर-पुण्याकडचा, चर्च ऑफ नॉर्थ इंडियात वाढलेला माणूस हात मागे बांधून उभा राहतो. त्याला हे सारं अवघड वाटतं, आणि त्यामागे मोठा इतिहास आहे. प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या जर्मन ल्यूथरनं ३१ ऑक्टोबर १५१७ ला आपले ९५ मुद्दे मांडले तेव्हा विटनबर्गमध्ये सॅक्सनीचा इलेक्टर (सम्राट निवडण्याचा हक्क असलेला राजपुत्र) फ्रेडरिक याचा अवशेषसंग्रह १९ हजारांच्या घरात जाण्याच्या वाटेवर होता, आणि त्याचं दर्शन घेणाऱ्याला पापांच्या शिक्षेतून माफी मिळते असं सांगितलं जाई. अँग्लिकनांच्या ३९ कलमांतलं बाविसावं कलम अवशेषांचा मान आणि संतांचा धावा दोन्ही निराधार ठरवतं. प्रॉटेस्टंट बोट ठेवतात ते १ तीमथ्य २:५ वर: देव आणि मानव यांमध्ये मध्यस्थ एकच. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स २ राजे १३:२१ काढतात, जिथे अलीशाच्या अस्थींना शिवताच मेलेला माणूस उठतो, आणि प्रेषितांची कृत्ये १९:१२, जिथे पौलाच्या अंगावरचे रुमाल आजाऱ्यांवर घालतात. तुमचं मत कोणतंही असो, ही तीन वचनं निघण्याआधी घरीच वाचून घ्या. प्रॉटेस्टंट चर्चलाही 'सेंट पॉल', 'सेंट मेरी' अशी नावं असतात, तेवढ्यावरून तिथे त्या संतांची मध्यस्थी मागतात असं समजू नये.

झेवियरबद्दल आणखी एक गोष्ट टाळून चालणार नाही. मे १५४६ मध्ये त्यानं पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धेत चुकणाऱ्यांवर खटले चालवणारं धर्मन्यायालय, हवं असं सुचवलं. ते १५६० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, आलं आणि १८१२ पर्यंत, मधली चार वर्षं सोडता, चाललं. गोमंतकीय कॅथलिकांसाठी तो 'गोंयचो सायब' आहे, अनेक हिंदूही इथे नवस बोलतात, आणि त्याच वेळी हे पत्रही खरं आहे. वाटाड्या यांपैकी एकच बाजू सांगत असेल तर दुसरी आपण विचारावी.

व्यवहाराच्या गोष्टी आता एकदमच सांगतो. सोमवार ते शनिवार सकाळी नऊपासून संध्याकाळी साडेसहापर्यंत बॅसिलिका खुलं असतं. रविवारी सकाळी मिस्सा (कॅथलिकांची सामूहिक उपासना) असतात, पर्यटकांना साडेदहानंतर जाता येतं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. उन्हाळ्यात बिनबाह्यांचे कपडे घालून येणाऱ्यांना दारात अडवतात, म्हणून पिशवीत एक ओढणी किंवा पंचा असू द्यावा. फोटोबाबतचे फलक दाराशीच वाचा. मिस्सा चालू असताना कम्युनियनच्या (प्रभुभोजनाची भाकर घेण्याच्या) रांगेत फक्त कॅथलिकांनी जायचं असतं. इतरांनी बाकावर बसून राहिलं तर कुणालाही वावगं वाटत नाही. वाईट तेव्हा वाटतं, जेव्हा कुतूहलानं रांगेत शिरलेला माणूस हातातली भाकर खिशात घालतो. कॅथलिकांसाठी ते ख्रिस्ताचं शरीर आहे. चुकून हातात आलीच तर तिथल्या तिथे धर्मगुरूंना परत द्या.

३ डिसेंबरच्या झेवियरच्या फेस्ताआधी (सणाआधी) २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजच्या खास प्रार्थना, चालते. शांतपणे पाहायचं असेल तर हे दहा दिवस टाळा. भक्ती कशी असते ते पाहायचं असेल तर मात्र याच दिवसांत, पहाटेच्या मिस्सेला या. बाहेर मेणबत्त्यांसोबत मेणाचे हात, पाय, डोळे, बाहुल्या विकायला असतात. जो अवयव दुखतो त्याची प्रतिमा अर्पण करायची, अशी ही नवसाची रीत. वांद्र्याच्या मोत माउलीला गेलेल्यांना ती ओळखीची आहे. चर्चच्या शिकवणीत ही सक्ती नाही, आणि 'एवढ्या किमतीचं वाहिलं तरच पावेल' असं कुणी सांगत असेल तर ते सरळ खोटं आहे.

अवशेषांच्या विक्रीबद्दल विशेष सावध राहा. चर्चमध्ये अवशेषांच्या तीन श्रेणी मानण्याची पद्धत आहे: पहिली संताच्या देहाचा भाग, दुसरी त्यानं वापरलेली वस्तू, तिसरी अशा अवशेषाला लावून घेतलेलं कापड वगैरे. चर्चच्या कायद्याचं ११९० वं कलम पवित्र अवशेष विकायला पूर्ण मनाई करतं. चित्राच्या कार्डावर कापडाचा इवलासा तुकडा चिकटवलेला मिळतो, तिथे आपण पैसे देतो ते कार्डाचे. इंटरनेटवर लाखेचा शिक्का मारलेल्या डबीत 'पहिल्या श्रेणीचा अवशेष' विकायला दिसला तर घेऊ नका. तो खोटा असेल तर फसवणूक, खरा असेल तर विक्रीच नियमबाह्य.

रस्ता ओलांडला की से कॅथेड्रल. त्याचा एक मनोरा १७७६ मध्ये कोसळला, तो पुन्हा बांधलाच नाही, म्हणून दर्शनी भाग एकांगी दिसतो. शेजारच्या असिसीच्या संत फ्रान्सिसच्या मठात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे आणि ते शुक्रवारी बंद असतं. दिवस ठरवताना अनेकांची चूक इथेच होते.

पायांत त्राण असतानाच बॅसिलिकाच्या पश्चिमेच्या टेकडीवर, दहा मिनिटांच्या चालीवर, संत ऑगस्टीनच्या भग्न चर्चकडे जा. पावसात जांभा निसरडा होतो, चपला नकोत, बूट हवेत. उभा आहे तो सुमारे ४६ मीटरचा एकच मनोरा. छप्पर १८४२ मध्ये पडलं, दर्शनी भिंत १९३१ मध्ये. याच अवशेषांत जॉर्जियाच्या राणी केतेवानची अस्थी सापडली. १६२४ मध्ये शिराझला शाह अब्बासच्या हुकमावरून, धर्म सोडायला नकार दिल्यानं, तिचा छळ करून वध झाला. ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी तिच्या अस्थींचा भाग गोव्यात आणला. जुन्या पोर्तुगीज कागदांत मठाच्या सभागृहातल्या दुसऱ्या खिडकीचा उल्लेख होता, त्यावरून शोध घेत पुरातत्त्व खात्याला हाताचं हाड मिळालं. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेनं डीएनए तपासला. आईकडून येणारा जो वंशगट निघाला तो भारतीय नमुन्यांत आढळत नव्हता आणि जॉर्जियात आढळत होता. जुलै २०२१ मध्ये त्यातला एक भाग भारतानं जॉर्जियाला सुपूर्द केला. ऑर्थोडॉक्स संत राणीची हाडं कॅथलिक संन्याशांनी आपल्या मठात जपली, हे त्या रिकाम्या खिडकीपाशी उभं राहिलं की नीट उमगतं. खरा अवशेष कसा सिद्ध करायचा याचाही हा चांगला नमुना आहे: आधी कागद, मग जागा, मग प्रयोगशाळा.

कोणत्या पंथात राहावं किंवा जावं हा प्रश्न घेऊन काही जण इथे येतात. त्यांना एक सांगणं आहे. 'संत चालतात की नाही' एवढ्यावर निर्णय घेऊ नका, कारण तो मुद्दा शेवटून येतो. आधी तीन गोष्टी विचारा: तिथे बाप्तिस्मा कुणाला आणि कसा देतात, प्रभुभोजनाविषयी काय मानतात, आणि वाद झाला तर अंतिम शब्द कुणाचा. संतांबद्दलची भूमिका या उत्तरांतून आपोआप निघते. कॅथलिक चर्च पाण्यानं आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावानं झालेला बाप्तिस्मा मान्य करतं, तो पुन्हा देत नाही, म्हणून जुन्या चर्चमधून दाखला आणून ठेवा. बाप्तिस्मा न झालेल्यांची तयारी महिनोन्‌महिने चालते आणि सहसा ईस्टरच्या आदल्या रात्री पूर्ण होते. बॅप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांत बहुधा बालपणीचा बाप्तिस्मा धरत नाहीत, मोठेपणी पाण्यात पूर्ण बुडवून घ्यावा लागतो. कॅथलिक घरात यावरूनच सर्वात जास्त भांडणं होतात, तेव्हा आई-वडिलांना आधी सांगा. लग्नाचा प्रश्न असेल तर दुसऱ्या पंथाच्या ख्रिस्ती व्यक्तीशी लग्नाला बिशपची परवानगी लागते आणि बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी लग्नाला खास सूट लागते. ती नसेल तर चर्चच्या दृष्टीनं ते लग्न अवैध ठरतं. तारीख ठरवण्यापूर्वी धर्मग्रामाच्या फादरना भेटा.

हातात दुसरा दिवस असेल तर सांकवाळला जा. बाणावलीत १६५१ मध्ये जन्मलेले, सांकवाळला वाढलेले संत जुझे वाझ श्रीलंकेत कॅथलिकांचा छळ चालू असताना वेष पालटून गेले आणि १६ जानेवारी १७११ ला कँडीत वारले. १४ जानेवारी २०१५ ला पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत घोषित केलं. त्यांची कबर सापडलेली नाही, त्यामुळे पेटी नाही, काच नाही, अस्थींपुढे रांगही नाही. १६ जानेवारीच्या फेस्ताला सांकवाळच्या पुण्यस्थानी तरीही मोठी गर्दी होते, म्हणून त्या दिवशी वास्कोकडून येणार असाल तर सकाळी लवकर निघा.