नवख्यांसाठी चिवला : लाटा, वारा आणि तिथी

दिवाळी सरली की सोलापुरातल्या ओळखीच्या घरांतून मला एकच प्रश्न हमखास येतो. मुलांना समुद्रावर न्यायचे आहे, नुसते पाय भिजवून परत आणायचे नाही, लाटांमध्ये खेळू द्यायचे आहे, पोटाखाली फळी घेऊन लाटेबरोबर काठापर्यंत येण्याची मजा अनुभवू द्यायची आहे. तर कुठे जावे आणि कधी जावे? गेली काही वर्षे माझे उत्तर ठरलेले आहे. मालवण शहरातला चिवल्याचा किनारा, मार्गशीर्ष महिना आणि सकाळची वेळ. हे उत्तर मला सहज मिळालेले नाही, म्हणून ते कसे मिळाले हे एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये शाळेला सुटी लागताच, दिवाळीच्या तोंडावर, आम्ही मालवण गाठले होते. तारीख आम्ही सुटी पाहून ठरवली होती. समुद्राचा विचार केलाच नव्हता. त्याच दिवसांत अरबी समुद्रात ‘क्यार’ चक्रीवादळ तयार झाले. ते किनाऱ्यावर आलेच नाही, पश्चिमेकडे निघून गेले आणि समुद्रातच विरले. पण त्याने उठवलेल्या लाटा मात्र सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यापर्यंत आल्या. एरवी तळ्यासारखा शांत असणारा चिवला त्या सकाळी मातकट झाला होता आणि लाटा वाळूच्या वरच्या कडेपर्यंत चढत होत्या. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. ती चपला काढून धावत निघाली, तेवढ्यात जाळे आवरत बसलेले एक वयस्कर गृहस्थ जागेवरून उठले आणि मला म्हणाले, “बाय, आज पाण्याक वढ आसा. चेडवाक आत सोडू नकात.” आम्ही दोन दिवस खोलीच्या व्हरांड्यातून पाऊस पाहिला आणि परतलो. त्या गृहस्थांना पाण्याकडे पाहून जे कळत होते, त्यातले निदान थोडे तरी आपल्याला कळले पाहिजे, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

आपल्याकडची मुले विहिरीत पोहायला शिकतात. माझ्या मुलीलाही तिच्या मामाने मोहोळजवळच्या मळ्यातल्या विहिरीत पाठीला रिकामा कॅन बांधून शिकवले. या पोहण्याला मी कमी लेखत नाही, कारण खोल पाण्याची भीती विहिरीतच मोडते. मात्र विहिरीचे पाणी जागचे हलत नाही. तिथे दमले की कपारीला हात लावून थांबता येते. समुद्रात कंबरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसालाही पाणी ढकलते, ओढते आणि पायाखालची वाळू काढून नेते. म्हणून विहिरीत तासभर पोहणारे मूलही समुद्रात नवखेच धरावे.

आता लाटांविषयी. समुद्राच्या अंदाजात लाटेची उंची मीटरमध्ये दिलेली असते आणि तिला ‘लक्षणीय उंची’ म्हणतात. ही उंची म्हणजे सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते, हे ध्यानात ठेवायला हवे. अंदाजात एक मीटर लिहिलेले असेल, तर मधूनच एखादी लाट त्याच्या दुपटीच्या जवळ जाऊ शकते. शिवाय लाटेची ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने एक मीटरची लाट ही अर्ध्या मीटरच्या लाटेच्या चौपट जोराची असते. लाट साधारणपणे तिच्या उंचीच्या सव्वापट खोलीच्या पाण्यात येऊन फुटते. म्हणजे अर्ध्या मीटरची लाट मुलांच्या मांडीएवढ्या पाण्यात फुटते आणि एक मीटरची लाट फुटते तिथे दहा वर्षांच्या मुलाच्या छातीच्या वर पाणी असते. अंदाजात अर्ध्या मीटरच्या आसपास उंची दिसली तर मी मुलांना फळी देते, पाऊण मीटरला फक्त काठावर खेळू देते आणि त्याच्या पुढे वाळूत किल्ला बांधायला लावते.

उंचीइतकाच महत्त्वाचा आकडा म्हणजे दोन लाटांमधले सेकंद, आणि बहुतेक लोक तो वाचतच नाहीत. जवळच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा पाच-सहा सेकंदांनी येतात. त्या दिसायला धांदलीच्या, पण जोराने बेताच्या असतात. दूरच्या समुद्रातल्या वादळाने उठवून धाडलेल्या लाटा, ज्यांना स्वेल म्हणतात, त्या बारा-चौदा सेकंदांच्या किंवा त्याहूनही अधिक अंतराने येतात. दोन्हींची उंची सारखी असली तरी बारा सेकंदांची लाट सहा सेकंदांच्या लाटेच्या दुप्पट शक्ती घेऊन येते. खोल समुद्रात या लाटा इतक्या पसरट असतात की नजरेला जाणवत नाहीत आणि किनाऱ्याशी आल्यावर एकदम उभ्या राहतात. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि तरीही समुद्र उसळलेला, हे दृश्य अशा लाटांमुळेच दिसते. केरळच्या किनाऱ्यावर याला ‘कल्लक्कडल’ म्हणतात, म्हणजे चोरपावलांनी येणारा समुद्र. हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजे इन्कॉईस, लाटांची उंची, सेकंद आणि दिशा यांचा अंदाज रोज देते आणि अशा स्वेलचा इशाराही देते. निघण्याआधी तीन दिवस सलग हा अंदाज पाहण्याची सवय मी लावून घेतली आहे, कारण एका दिवसाच्या आकड्यावरून समुद्र चढतो आहे की उतरतो आहे हे कळत नाही.

वाऱ्याचा भाग आपण सगळे शाळेत शिकलो आहोत. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे. हिवाळ्यात मतलई वारा सकाळपर्यंत वाहतो, लाटेचे तोंड गुळगुळीत ठेवतो आणि पाणी आरशासारखे दिसते. दहा-अकराच्या पुढे खारा वारा सुरू झाला की पाण्यावर खडबड उठते, लाटा वेड्यावाकड्या फुटू लागतात आणि शिकणाऱ्याला एकही लाट धड मिळत नाही. सोलापूरकर रात्रभर प्रवास करून सकाळी पोचतात, आंघोळ-नाश्ता उरकतात आणि बाराला किनाऱ्यावर येतात. म्हणजे दिवसातली चांगली वेळ खोलीत घालवतात. मतलई वाऱ्याचा एक धोका मात्र सांगितलाच पाहिजे. हवा भरलेली ट्यूब किंवा गादी घेऊन मूल पाण्यावर पडले, तर हाच मंद वारा त्याला बघता बघता काठापासून दूर नेतो. फळीला पायाशी बांधायची दोरी असते, आणि ट्यूब तर आम्ही नेतच नाही.

भरती-ओहोटीसाठी सोलापूरच्या घरातही एक साधन टांगलेले असते, ते म्हणजे भिंतीवरचे कालनिर्णय. कोकणात जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीच्या आठाची पाऊणपट सहा, म्हणून अष्टमीला सहाच्या सुमारास भरती. चतुर्थीच्या चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास. दोन भरत्यांमध्ये सुमारे बारा तास पंचवीस मिनिटे जातात आणि भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळेच हा हिशेब जुळतो. तो मुंबईच्या बाजूला चांगला लागू पडतो. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जात असल्याने मालवणला ती मुंबईच्या पाऊण-एक तास आधी येते, तेवढे वजा करावे. अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला उधाणाची आणि अष्टमीच्या सुमारासच्या भरतीला भांगाची भरती म्हणतात. उधाणाला पाणी जास्त चढते, जास्त उतरते आणि त्यामुळे प्रवाहही जोरात असतो. मालवणला चढउतार मुंबईच्या मानाने बराच कमी, उधाणाला सुमारे दोन मीटर असतो. नवख्यांसाठी हा भाग बरा असण्याचे हेही एक कारण आहे.

मला शिकणाऱ्यांसाठी सकाळी चढते पाणी हवे असते, कारण उतरत्या पाण्याबरोबर बाहेर जाणारी ओढ वाढते. आता कॅलेंडर समोर ठेवून हिशेब पाहा. तृतीयेला पाऊणपट सव्वादोन, त्यातून मालवणचा तास वजा केला की भरती सव्वाएकच्या सुमारास आणि ओहोटी सकाळी सातच्या आसपास. म्हणजे सात-साडेसातपासून पाणी हळूहळू चढत राहते, मतलई वाऱ्याची वेळही तीच, आणि उधाणाचा जोर ओसरू लागलेला असतो. तृतीया आणि चतुर्थी या दोन तिथी म्हणूनच माझ्या आवडीच्या आहेत. हा अर्थात घरगुती हिशेब आहे. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहावीच.

महिन्यांचे म्हणायचे तर जून ते सप्टेंबर हा विषयच नको. तेव्हा नैर्ऋत्येचा मोसमी वारा समुद्र ढवळून काढतो, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीही बंद असते, आणि ज्यांचे पोट समुद्रावर आहे ते जिथे थांबतात तिथे आपण उतरण्याचे कारण नाही. ऑक्टोबरमध्ये लाटा उतरू लागतात, पण दुपारनंतर विजांचा पाऊस आणि चक्रीवादळे यांचे भय असते. १४ ऑक्टोबर २०२० चा सोलापूर जिल्ह्यातला पाऊस कोण विसरेल? बंगालच्या उपसागरातून काकीनाड्याजवळ जमिनीवर आलेली ती प्रणाली आपल्याला झोडपून तशीच पश्चिमेला गेली आणि अरबी समुद्रावर पोचून तिथे तिचा पुन्हा कमी दाबाचा पट्टा बळावला. तेव्हापासून परतीच्या पावसात सोलापूरचे आभाळ भरून आले की मी कोकणच्या समुद्राचाही अंदाज उघडते. नोव्हेंबरची सुरुवातही डोळे झाकून धरू नये. २००९ मध्ये ‘फयान’ ११ नोव्हेंबरला कोकणच्या उत्तर किनाऱ्यावर आले होते.

नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरअखेरपर्यंतचा काळ मात्र उत्तम असतो. चिवल्यावर सागरी जलतरणाच्या मोठ्या स्पर्धा डिसेंबरमध्ये होतात, ते उगीच नाही. जानेवारीत, आपली गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर, बरेच लोक निघतात. तेव्हा थंडी असते, पाणी मात्र कोमट लागते. पण इराणच्या आखाताकडच्या ‘शमाल’ वाऱ्याने उठवलेल्या लाटा वायव्येकडून इथवर येतात आणि शांत आठवड्यात मध्येच दोन दिवस खडबडीत जातात. फेब्रुवारीत सकाळ चांगली मिळते. एप्रिल-मेमध्ये सोलापूर चाळिशीच्या पुढे तापलेले असते आणि समुद्राची ओढ सर्वांत जास्त तेव्हाच लागते, हे मला समजते. परंतु दक्षिणेकडच्या महासागरातले लांब सेकंदांचे स्वेल याच काळात अधिक जाणवतात आणि मेच्या मध्यानंतर समुद्र पावसाळी होऊ लागतो. ‘तौक्ते’ २०२१ च्या मे महिन्यात असेच किनाऱ्याला समांतर गेले होते.

काही जण विचारतात की आपल्याकडून चेन्नईची रेल्वे थेट आहे, मग तिकडच्या कोवलमला लाटांचा खेळ शिकायला का जाऊ नये? जरूर जावे, तिथे चांगले शिकवतात. पण ईशान्य मोसमी पावसामुळे ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ तिकडे पावसाचा आणि वादळांचा असतो. आपल्या किनाऱ्याचे वेळापत्रक तिकडे लावू नये.

किनाऱ्यावर पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटे आम्ही पाण्याला हात लावत नाही. वाळूवर बसतो. मुलगी लाटा मोजते आणि मी पाण्याचा रंग पाहते. सगळीकडे पांढरा फेस फुटत असताना मध्येच एखादी गडद, सपाट दिसणारी पट्टी असेल, तिथे लाटा फुटत नसतील आणि फेस किंवा पालापाचोळा उलटा समुद्राकडे सरकत असेल, तर तीच ओढ. नवख्याला तीच जागा सर्वांत शांत वाटते आणि तो तिथेच उतरतो. चुकून तिच्यात सापडलेच तर काठाकडे तोंड करून झुंजू नये. पाठीवर तरंगावे, हात वर करून हाक द्यावी आणि जमेल तसे किनाऱ्याला समांतर सरकत ओढीच्या बाहेर पडावे. ही गोष्ट मी मुलीकडून विहिरीत तीनदा करून घेतली, तेव्हाच तिला समुद्रात पहिल्यांदा फळी दिली. चिवल्याला दोन्ही टोकांना खडक आहेत, तेव्हा मधल्या वाळूच्या भागातच राहावे. आणि रापण, म्हणजे काठावरून ओढायचे मोठे जाळे, ओढली जात असेल तर ती काठावर येईपर्यंत थांबावे. खाडीच्या मुखाजवळ, उदाहरणार्थ देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे, पाणी कितीही निवळशंख दिसले तरी पोहायला उतरू नये.

यंदा आम्ही मार्गशीर्ष शुद्ध द्वितीयेला सांगोला, मिरज, कोल्हापूरमार्गे निघणार आहोत. सोबत कडक भाकरी, शेंगाची चटणी, दोन फोमच्या फळ्या आणि शिट्टी. तृतीया आणि चतुर्थीची सकाळ चिवल्यावर, साडेसात ते दहा. पंचमीला पहाटे परतीला लागायचे, कारण चंपाषष्ठीला सोलापूरच्या बाळ्याच्या खंडोबाला जायचे आहे. निघायच्या तीन दिवस आधी अंदाजात लाट एक मीटरच्या वर दिसली, तर फळ्या माळ्यावरच राहतील आणि आम्ही थेट बाळ्याला जाऊ. मुलीला हे आत्ताच सांगून ठेवले आहे आणि तिने ते मान्य केले आहे.