साखरपाणी

सकाळी सव्वासहाला चहाचं आधण ठेवायला गेले की मागच्या अंगणातून आधी आवाज येतो. कुणीतरी खुदखुदून हसावं तसा, आणि हसणारा आपल्यालाच हसतोय अशी खात्री पटावी असा. मग पालो वर्देच्या झाडाच्या फांदीला टांगलेला, पक्ष्यांना साखरपाणी पाजायचा फीडर हेलकावे खायला लागतो. त्याला लोंबकळून, शेपटीचा टेकू देऊन, भोकात चोच खुपसून सुतारबुवा न्याहारीला बसलेले असतात. पाठीवर काळेपांढरे पट्टे, मातकट डोकं आणि टाळूवर कुंकवाच्या बोटाएवढा लाल ठिपका. वजन साठ-सत्तर ग्रॅम. ज्याच्यासाठी ही सगळी मांडामांड केली तो हमिंगबर्ड जेमतेम चार ग्रॅमचा. तो बाजूला हवेतल्या हवेत थांबून वाट बघतो, बँकेत पासबुक भरून घ्यायला उभं राहावं तसा. फरक इतकाच, की त्याला रांगेत नुसतं उभं राहायलाही सेकंदाला चाळीसेक वेळा पंख मारावे लागतात.

आम्ही टूसॉनला राहतो. ॲरिझोनाच्या दक्षिणेचं वाळवंटी गाव, मेक्सिकोची हद्द गाडीने तासाभरावर. अठरा वर्षांपूर्वी आलो तेव्हा मला वाटलं होतं, इथे निवडुंग आणि ऊन सोडून काही नसणार. पहिल्याच हिवाळ्यात खिडकीसमोर एक करडा-हिरवा ठिपका येऊन थांबला. गळा काळपट. मान जराशी वळवली आणि तोच गळा एकदम राणी रंगाचा झाला, पैठणीचा पदर उन्हात धरावा तसा. परत वळवली, पुन्हा काळा. हा ॲनाज हमिंगबर्ड. फ्रान्समधल्या ॲना नावाच्या कुण्या डचेसबाईंचं नाव त्याला दिलंय. बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नसेल. मिरजेला माझा भाऊ जास्वंदीवर येणाऱ्या शिंजिराला अजून हमिंगबर्ड म्हणतो. कितीदा सांगितलं, बाबा रे, हे पक्षी फक्त अमेरिकेच्या दोन खंडांत असतात, आपला तो शिंजीर, त्याचं घराणंच वेगळं. भाऊ म्हणतो, काम तेच करतो ना, मग झालं.

तर फीडर. एक वाटी साखर, चार वाट्या पाणी, विरघळवायचं, गार करायचं, भरायचं. लाल रंग घालायचा नाही. मध नाही, तो पाण्यात लवकर आंबतो आणि बुरशी धरतो. गूळ तर नाहीच, त्यातलं लोह त्यांना सोसत नाही. साधी पांढरी साखर, जिच्यावरून घरातल्या मधुमेहींना आपण रोज बोलतो, तीच. उन्हाळ्यात हे पाणी दीड-दोन दिवसांत खराब होतं, म्हणून ब्रशने आतून घासून पुन्हा भरायचं. नवरा म्हणतो, माझ्या डब्याची एवढी काळजी घेतली असतीस तर. मी ऐकून सोडून देते.

साखरपाणी ठेवायचं एकासाठी आणि येणार सगळे, हे कळायला मला एक वसंत ऋतू पुरला. आधी फिंच आले, आपल्या चिमण्यांएवढे, लालसर छातीचे, थव्याने. मार्चमध्ये पिवळाधमक ओरियोल आला. मी आनंदाने ‘हळद्या!’ म्हणून ओरडले, पण हाही भावाच्या शिंजिरासारखाच प्रकार निघाला. रंग पाहून युरोपीय लोकांनी आपल्या हळद्याचं नाव ह्याला दिलं, घराणं निराळंच. आणि मग सुतार. ह्याचं इथलं नाव हीला वुडपेकर, हीला नदीवरून. लिहितात ‘गिला’, म्हणतात ‘हीला’.

पहिला फीडर उलट्या बाटलीचा होता. त्यातलं पाणी वरच्या कोंडलेल्या हवेच्या हिशेबाने तोललेलं असतं. सुतार धप्पकन येऊन बसला की बाटली हिंदकळते, खालून हवेचा बुडबुडा आत शिरतो आणि पाणी टपटप गळायला लागतं. तो पितो त्याहून सांडतो जास्त. खाली मुंग्या, वर मधमाश्या, मध्ये मी पंचा घेऊन.

उपाय सुरू केले. फीडरच्या बसायच्या कड्या काढून टाकल्या. हमिंगबर्डला उडता उडता पिता येतं, इतरांना बसायला जागा नाही म्हणजे ते जातील. फिंच गेले. सुताराने अंगच आवळून फीडरला मिठी मारली. मग बाटली काढून बशीचा फीडर आणला. ह्यात पाणी खाली बशीत, भोकं वर झाकणाला. आखूड चोचीला आणि मधमाशीला ते पोचत नाही. ओरियोलसाठी खिळ्यावर अर्धं संत्रं लावलं, तो तिथे रमला. सुतारानेही संत्र्याला नाही म्हटलं नाही. फोडी चोखून साफ केल्या, चोच फांदीला दोन्ही बाजूंनी पुसली आणि फीडरवर आला. संत्रं झालं जेवण, हे वरून गोड.

बशीचा त्याच्यावर परिणाम का होत नाही, ते एकदा फार जवळून बघितलं. मी खिडकीच्या आत, तो काचेपासून हातभर. चोच भोकात अर्धीच गेली होती, पण खालच्या पारदर्शक बशीत काहीतरी हलत होतं. बारीक, ओलसर, गांडुळासारखं वळवळणारं. त्याची जीभ. ती चोचीच्या कितीतरी पुढे येऊन बशीचा तळ चाटत होती. सुताराच्या जिभेचा आधार म्हणजे लांबलचक लवचीक हाडांची जोडी. ती घशातून मागे जाऊन कवटीला वळसा घालून वर येते. झाडातल्या अळ्या ओढून काढायची ही सोय. गंमत अशी, की हमिंगबर्डच्याही जिभेची व्यवस्था तशीच, कवटीमागून वळसा घातलेली. त्याची जीभ टोकाला दुभंगलेली असते. ती दोन टोकं पाण्यात उघडतात आणि बाहेर येताना मिटून थेंब पकडून आणतात, सेकंदाला बारा-पंधरा वेळा. तेव्हा बशीवर हक्क कुणाचा हे जिभेवरून ठरवायचं म्हटलं, तर खटला दोघांच्या बाजूने सारखाच.

सुताराला हाकलायचे आणखी उपाय लोक सांगतात. फीडरला तेल चोपडा, पाय घसरेल. हे चुकूनही करू नये. तेल पिसांना लागलं की जात नाही, आणि त्यात पहिला बळी हमिंगबर्डचाच. शिवाय पक्ष्याला इजा केली तर इथे १९१८ सालचा केंद्रीय कायदा आडवा येतो. नाव ‘मायग्रेटरी बर्ड’ असं असलं तरी कुठेही स्थलांतर न करणारे सुतारबुवाही त्याच्या यादीत बसले आहेत. म्हणजे वसंतात त्यांनी छतावरच्या कूलरचा पत्रा पहाटे बडवला, तरी आपण फक्त उशी डोक्यावर घ्यायची.

आणि रागावणार तरी किती? रस्त्यापलीकडे एक सवारो निवडुंग उभा आहे, दोन मजली घराएवढा. त्याच्या अंगाला ह्याच मंडळींनी पाडलेली भोकं आहेत. भोक पाडून लगेच राहायला जात नाहीत. आतला चीक वाळून भिंत टणक व्हायला काही महिने देतात, मग संसार मांडतात. त्यांचं झालं की त्याच खोलीत चिमणीएवढं घुबड येतं, एल्फ आउल, जगातलं सगळ्यात हलकं. आयत्या बिळात नागोबा. अख्ख्या वाळवंटाचा हा बिल्डर, आणि मी त्याला वाटीभर साखरेसाठी टाळ्या वाजवून हुसकावते.

ऑगस्टमध्ये सासूबाई वाईहून आल्या. नेमकं त्याच सुमारास एक नवं सुरू झालं. संध्याकाळी काठोकाठ भरलेला फीडर सकाळी कोरडा. मी ठरवूनच टाकलं की सुतार पहाटे लवकर उठायला लागला. दोन दिवस पाचला उठून टपून बसले. तो आपला उजाडल्यावर आला, रिकाम्या बशीत जीभ फिरवून बघितली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच प्यायले.

तिसऱ्या रात्री जेटलॅगने जाग्या असलेल्या सासूबाईंनी दोन वाजता दार ठोठावलं.

“अगं ऊठ. तुझा चोर आलाय. एक नाही, पंगत बसलीय.”

अंधारात खिडकीशी उभ्या राहिलो. फीडरपाशी काहीतरी झपकन येत होतं, क्षणभर टेकल्यासारखं करून झपकन जात होतं. एक गेलं की दुसरं, वळसा घालून पुन्हा पहिलं. वटवाघळं! लांब तोंडाची, फुलातला मध पिणारी. मेक्सिकोतून येतात, सवारोच्या आणि घायपातीच्या फुलांवर जगतात, आणि उन्हाळा सरताना टूसॉनच्या अंगणांतले फीडर रात्रीत फस्त करतात. त्यांची एक जात १९८८ साली धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत गेली होती, २०१८ साली सावरली म्हणून बाहेर आली. ती मोजायला मदत व्हावी म्हणून इथले लोक रोज रात्री फीडरमधलं पाणी किती उतरलं ते लिहून ठेवतात. म्हणजे मी ज्याला चोरी म्हणत होते, ती शेजारी वहीत मांडली जात होती. आणि मी चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाले होते.

“बघ,” सासूबाई म्हणाल्या, “उगाच त्या सुताराला बोलत होतीस.”

तेव्हापासून त्या सुताराच्या वकील झाल्या. त्यांच्या मते त्याला वेगळी वाटी ठेवावी. “आपण पोरांना भरवताना एक घास चिऊचा, एक घास काऊचा म्हणतो. फक्त चिऊचा म्हणतो का?” मी म्हटलं, अहो आई, तुमच्या त्या काऊने कधी ताटाला लोंबकळून आमटी सांडली होती का?

तरी मी शेवटचा उपाय केलाच. हार्डवेअरच्या दुकानातून जाळी आणून फीडरभोवती पिंजरा केला. भोकं अशी की हमिंगबर्ड शिरेल, सुताराचे खांदे अडकतील. बशी जाळीपासून वीतभर आत, म्हणजे जीभही पोचणार नाही. दोन दिवस हमिंगबर्डही बिचकले. तिसऱ्या दिवशी ॲनाज नर आत शिरला, पोटभर प्यायला आणि बाहेर येऊन जवळच्या काटकीवर बसला. बसला तो बसलाच. दुसरा कुणी आला की हा सुर्रकन अंगावर. अलास्काच्या बाजूने मेक्सिकोकडे निघालेला तांबूस रुफस हमिंगबर्ड आला, तीन-साडेतीन ग्रॅमचा जीव, एवढा पल्ला मारत निघालेला. त्यालाही ह्याने भिंतीपलीकडे पिटाळलं. सुतार निदान प्यायला की जायचा. हा दिवसभर दाराशी खुर्ची टाकून बसणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा.

ह्या पक्ष्यांपायी माणसं काय काय करतात, ते बघायचं तर पॅटागोनिया नावाच्या खेड्यात जावं. आमच्यापासून तासा-सव्वातासावर. तिथल्या पेटन दांपत्याने आपलं मागचं अंगणच येणाऱ्या-जाणाऱ्यांना खुलं केलं होतं. या, बसा, हमिंगबर्ड बघा. साखरेच्या खर्चासाठी फक्त एक डबा ठेवलेला. पुढे २०१४ साली पक्षीप्रेमींच्या संस्थेने ती जागा घेऊन तशीच चालू ठेवली. सासूबाईंना तिथे नेलं. डब्यात पाच डॉलर टाकताना त्या पुटपुटल्या, “इथे कुणाला पिंजरा दिसत नाही गं.”

सप्टेंबरात पितृपक्ष लागला. सासऱ्यांची तिथी होती. वाईला घाटावर पान ठेवलं की कावळ्यांची वाण नसते, उलट गर्दी आवरावी लागते. आमच्या वस्तीत कावळाच नाही. डोंगराकडे डोमकावळ्यासारखे रेव्हन आहेत, पण ते कुणाच्या भिंतीवर बोलावून यायचे नाहीत. तरी साग्रसंगीत केलं: भात-वरण, गवार-भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी, खीर, भाजणीचे वडे. भिंतीवर केळीच्या पानाचा तुकडा ठेवून आम्ही दोघी मागच्या दाराशी उभ्या राहिलो. ऊन चढत चाललं. खिरीवर साय धरली. सासूबाई काही बोलत नव्हत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

आणि ते हसणं ऐकू आलं.

सुतार आधी पालो वर्देवर उतरला. खोडाला धरून दोन उड्यांत खाली आला. तिथून भिंतीवर. पानाभोवती एक चक्कर मारली. मी सवयीने टाळी वाजवायला हात उचलला होता. सासूबाईंनी तो वरच्या वर धरला. त्याने मान तिरकी केली, एका डोळ्याने आम्हाला बघितलं आणि वड्यावर चोच मारली. लाकडावर मारावी तशी, टक्, टक्. मोठासा तुकडा निघाला. तो घेऊन फांदीवर गेला, फांदीच्या बेचक्यात अडकवून सावकाश खाल्ला, आणि चोच पुसली, आधी डावीकडून, मग उजवीकडून.

“वडे आवडायचेच ह्यांना,” सासूबाई म्हणाल्या.

मग तो उडून पिंजऱ्यावर बसला. जाळीतून चोच घातली, जीभ बाहेर काढली. बशी वीतभर लांब. पलीकडून बघितलं, खालून बघितलं. सेक्रेटरी काटकीवरून चिडून टिकटिकायला लागला. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

“अहो, खीर होती की पानात,” मी म्हटलं.

“ह्यांना जेवणावर दोनदा गोड लागायचं.”

मी स्वयंपाकघरातलं स्टूल आणायला गेले.