साठ हजार मिलिसेकंद

गेल्या महिन्यात एका बसच्या दरवाजा-नियंत्रकाचे मॉडेल माझ्याकडे तपासणीसाठी आले. सिद्ध करायचा गुणधर्म एका ओळीत मावणारा होता : दरवाजा उघडा असताना बस हलता कामा नये. संध्याकाळी मॉडेल चेकर चालू करून मी घरी गेलो आणि सकाळी येऊन पाहतो तो ६४ जीबी मेमरी खाऊन प्रोग्रॅम मध्येच बंद पडलेला. मोठे मशीन मागण्याचा अर्ज मी जवळजवळ लिहिलाच होता. तो बाजूला ठेवून आधी मॉडेल वाचायला घेतले, ते बरे झाले.

चाचणी घेताना आपण निवडक प्रसंग तपासतो. मॉडेल चेकर मात्र प्रणाली ज्या ज्या अवस्थेत पोहोचू शकते ती प्रत्येक अवस्था तपासतो आणि गुणधर्म कुठे मोडलाच, तर तिथवर नेणारी पावलेही क्रमाने दाखवतो; यालाच प्रतिउदाहरण म्हणतात. ही कल्पना १९८१ मध्ये एडमंड क्लार्क आणि ॲलन इमर्सन यांनी अमेरिकेत मांडली, त्याच सुमारास जोसेफ सिफाकिस आणि त्यांच्या सहकाऱ्याने फ्रान्समध्ये स्वतंत्रपणे मांडली, आणि त्यासाठी या तिघांना २००७ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. अडचण तेव्हापासून एकच आहे : मॉडेलमध्ये हो-नाही स्वरूपाचे एक चल वाढले की संभाव्य अवस्था दुप्पट होतात.

माझ्या मॉडेलमध्ये तीन टाइमर होते : कुलूप बसण्याचा, ब्रेक सुटण्याचा आणि दरवाजा आपोआप मिटण्याचा. तिन्ही एकाच लायब्ररी ब्लॉकमधून उचललेले असल्यामुळे प्रत्येकजण ० ते ६०,००० मिलिसेकंद मोजत होता. नुसता गुणाकार केला तरी या तीन टाइमरांच्या जोड्या सुमारे २१६ लाख कोटी होतात, आणि दरवाजा, ब्रेक, चालकाचे बटण यांचा हिशेब अजून धरलेलाच नाही. गुणधर्माला मात्र ३७,४१२ वा मिलिसेकंद चालू आहे की ३७,४१३ वा, याच्याशी काहीही देणेघेणे नव्हते. म्हणून प्रत्येक टाइमरला मी बंद, चालू आणि संपला अशा तीनच अवस्था ठेवल्या, आणि चालू असलेला टाइमर केव्हाही संपू शकेल अशी मुभा दिली. जोड्या उरल्या २७.

अशा मुभेमुळे मॉडेलचे वागणे मूळ प्रणालीपेक्षा जास्त मोकळे होते. त्यामुळे या मोकळ्या मॉडेलमध्येही बस हलत नसेल, तर खऱ्या प्रणालीत ती हलणार नाही, असे निर्धास्तपणे म्हणता येते. उलट बाजूची मात्र खात्री नसते. मला पहिल्याच फेरीत प्रतिउदाहरण मिळाले : कुलूप आणि ब्रेक यांचे टाइमर एकदम सुरू झाले, ब्रेकचा आधी संपला आणि उघड्या दरवाजाने बस निघाली. प्रत्यक्षात कुलपाला ५०० मिलिसेकंद लागतात आणि ब्रेकला २,०००, म्हणजे हा प्रसंग घडणेच शक्य नाही. दोघे एकत्र सुरू झाले असतील तर कुलपाचा टाइमर आधी संपेल, एवढीच एक अट घातल्यावर ते खोटे प्रतिउदाहरण गेले आणि पुढची तपासणी चहा होईस्तोवर पूर्ण झाली. आधी तपशील गाळायचा आणि खोट्या प्रतिउदाहरणाने दाखवून दिले तेवढाच परत आणायचा, ही रीत क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये स्वयंचलित स्वरूपात मांडली. आज बरीच साधने हे काम स्वतःच करतात. तरीही पहिली काटछाट माणसाने करावी, असे माझे मत आहे, कारण गुणधर्माला काय लागते हे मॉडेल लिहिणाऱ्याला साधनापेक्षा आधी कळलेले असते.

दुसरी बचत क्रमाची होती. बसच्या तीन दरवाजांचे तीन नियंत्रक सुरू होताना प्रत्येकी १० पावले निव्वळ स्वतःपुरती टाकतात. ही ३० पावले एकमेकांत मिसळण्याचे क्रम सुमारे साडेपाच लाख कोटी आहेत. चेकर क्रम साठवत नाही, अवस्था साठवतो, म्हणून आकडा ११ चा घन, म्हणजे १,३३१ वर येतो. पण पावले एकमेकांच्या आड येत नसतील आणि गुणधर्मालाही दिसत नसतील, तर एकच क्रम तपासून भागते आणि अवस्था उरतात ३१. ही सोय ‘स्पिन’सारख्या साधनात असतेच. आमच्या मॉडेलमध्ये तिचा उपयोग होत नव्हता, कारण कोणीतरी तिन्ही नियंत्रकांना एकाच सामायिक लॉग-चलात लिहायला लावले होते, आणि तो लॉग कोणीही वाचत नव्हते. ते चल काढून टाकले.

अवस्था एकेक न साठवता त्यांचे संचच आलेखाच्या रूपात हाताळायचे, हा तिसरा मार्ग. रँडल ब्रायंट यांनी १९८६ मध्ये त्याचा पाया घातला आणि १९९० पर्यंत त्याच्या जोरावर १० च्या २० व्या घाताएवढ्या अवस्थांची मॉडेले तपासली गेली. इथे सगळा खेळ चलांच्या क्रमाचा असतो. दोन ३२-बिट संख्या समान आहेत का, एवढेच पाहायचे असेल आणि दोन्हींचे बिट आलटूनपालटून मांडले, तर आलेखाला ९८ गाठी पुरतात. आधी एका संख्येचे सगळे बिट आणि मग दुसरीचे, असे मांडले तर त्याच गाठी सुमारे १,२८८ कोटी होतात. मला यावेळी या मार्गाची गरज पडली नाही.

एक गुणधर्म मात्र अजून सुटलेला नाही : थांब्यावर बटण दाबल्यावर दरवाजा कधीतरी उघडलाच पाहिजे. माझ्या तीन अवस्थांच्या टाइमरला कायमचे चालू राहण्याचीही मुभा आहे, त्यामुळे चेकर मला कधीच न उघडणारा दरवाजा दाखवतो, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. चालू टाइमर कधी ना कधी संपेल, ही न्याय्यतेची अट घातली की अवस्था जवळपास तेवढ्याच राहतात, पण आता चक्रे, म्हणजे फिरून त्याच अवस्थेत आणणाऱ्या वाटा, शोधावी लागत असल्याने वेळ कितीतरी वाढतो. आज संध्याकाळी तीच तपासणी लावून निघालो आहे.