तुम्ही विचारलंत म्हणून: मी अजूनही जेडीबी का उघडते

'आयडीई समोर असताना टर्मिनलमध्ये जेडीबी कशाला? आणि तोही मेव्हनमधून?' हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता उत्तर द्यायला लागायच्या आधीच माझा आवाज चढतो. (आयडीई म्हणजे कोड लिहायचं आणि चालवायचं खिडक्या-बटणांचं साधन. जेडीबी म्हणजे जावाचा, आज्ञा टाइप करून चालवायचा डीबगर: चालू प्रोग्रॅम मध्येच थांबवून आत बघायचं साधन. मेव्हन म्हणजे बिल्डचं, म्हणजे कोड कंपाइल करून टेस्ट चालवण्याचं साधन.) आजवर मी 'सवय आहे' म्हणून वेळ मारून नेली. ते खोटं होतं. माझी सवय आयडीईचीच आहे. साधा बग असेल तर मीही ओळीच्या कडेला क्लिक करून लाल ठिपका लावते, म्हणजे ब्रेकपॉइंट: प्रोग्रॅम तिथे थांबतो. जेडीबी उघडते ते एकाच वेळी: टेस्ट आयडीईत हिरवी (पास) आणि बिल्डमध्ये लाल (नापास) असते तेव्हा.

आयडीई टेस्ट चालवतं ते त्याने स्वतः सुरू केलेल्या जेव्हीएममध्ये (जावा प्रोग्रॅम जिच्यात चालतो ती प्रोसेस), बहुतेकदा तेवढी एकच टेस्ट निवडून. मेव्हनचं तसं नाही. मेव्हनची स्वतःची एक जेव्हीएम असते, आणि टेस्टसाठी शुअरफायर प्लगइन वेगळी दुसरी जेव्हीएम उठवतं. मुद्दाम काही बदललं नसेल तर त्या एकाच दुसऱ्या जेव्हीएममध्ये सगळे टेस्ट क्लास एकापाठोपाठ एक चालतात, आणि त्यांचा क्रम फाइलसिस्टीम ज्या क्रमाने फाइली देईल तो. म्हणजे एका क्लासने स्टॅटिक फील्डमध्ये (त्या जेव्हीएममधल्या सगळ्यांना सामाईक जागेत) काही सांडून ठेवलं तर पुढच्याच्या पायाखाली ते येणार. आणि तुमच्या मशीनवरचा क्रम बिल्ड मशीनवर, म्हणजे टीमचं बिल्ड चालतं त्या सामाईक मशीनवर, असेलच असं नाही. टेस्ट तिथे पडली असेल तर तिथेच जाऊन बघायला हवं. आयडीईत तीच टेस्ट पुन्हा पुन्हा हिरवी करून दाखवणं म्हणजे आजाऱ्याला सोडून त्याच्या भावाची नाडी बघत बसणं आहे.

हे आज मी ठामपणे लिहितेय. पण ज्या प्रसंगाने मला हे शिकवलं तेव्हा मी कित्येक वर्षं पोम फाइली (मेव्हनच्या सेटिंगच्या फाइली) लिहीत होते आणि तरीही मला हे नीट माहीत नव्हतं.

आमच्या टीममध्ये एक नवा मुलगा आला होता. दिवसाअखेरचे हिशोब कुठल्या तारखेला टाकायचे, याचा एक क्लास त्याने लिहिला आणि त्याची टेस्ट लिहिली. त्याच्या मशीनवर ती चालत होती, माझ्याही. बिल्ड मशीनवर मात्र ती पडायची, तीही रोज नाही. कोणी एखादी नवीन फाइल टाकली की चित्र बदलायचं. सोमवारच्या मीटिंगमध्ये विषय निघाला. तो म्हणाला, 'माझ्याकडे चालतेय.' मी सगळ्यांसमोर म्हणाले, 'सगळे असंच म्हणतात.' त्याच दुपारी मी त्याच्या टेस्टवर इग्नोर (ही टेस्ट चालवू नको अशी खूण) लावला आणि शेजारी टीप लिहिली: अधूनमधून पडते, भरवशाची नाही. त्याने काही म्हटलं नाही. त्यानंतर त्याने रिव्ह्यूसाठी माझं नाव घालणं बंद केलं, आणि ते माझ्या लक्षातही यायला महिना गेला.

पुढे पडली ती माझी टेस्ट. नेमकी तशीच, तारीख एका दिवसाने चुकलेली. आणि हे सांगताना मला अजून जड जातं: खोलात जायची गरज मला तेव्हा वाटली. त्याची पडत होती तेव्हा वाटली नव्हती.

बिल्ड मशीनवर आयडीई नव्हतं, असण्याचं कारणही नव्हतं. पण जेडीके (जावात प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचा साधनांचा संच) होता, आणि जेडीकेबरोबर जेडीबी येतोच. मला माहीत होती ती एकच युक्ती: एमव्हीएनडीबग. मेव्हनबरोबरच येणारी ही स्क्रिप्ट मेव्हनला पोर्ट ८००० वर डीबगरची वाट बघत थांबवते. एका खिडकीत ती चालवली, दुसऱ्या खिडकीतून जेडीबी जोडला, टेस्टच्या ओळीवर 'स्टॉप अ‍ॅट' दिलं. उत्तर आलं: डिफरिंग ब्रेकपॉइंट, क्लास लोड झाल्यावर लावू. मी 'कॉन्ट' (पुढे चालू दे) टाइप केलं आणि वाट बघत बसले. शेजारच्या खिडकीत कंपाइल झालं, टेस्ट सुरू झाल्या, माझी टेस्ट पडली, बिल्ड फेल्युअर आलं. जेडीबी शेवटपर्यंत गप्प होता, मग म्हणाला की अ‍ॅप्लिकेशन संपलं.

मी हे तीनदा केलं. ओळ बदलली, क्लासचं पूर्ण नाव पॅकेजसकट तपासलं, 'स्टॉप इन' देऊन मेथडवर लावून पाहिलं. प्रत्येक वेळी तेच: क्लास लोड झाल्यावर लावू. आणि तो क्लास कधी लोड होतच नव्हता, मात्र त्याची टेस्ट माझ्या डोळ्यांसमोर चालून पडत होती. रात्री उशिरा माझी खात्री पटली की जेडीबी मोडका आहे, जुनाट आहे, कोणी सांभाळत नाही. सकाळी टीमला मी तसं सांगितलंही. जेडीबीला नावं ठेवणाऱ्यांत एकेकाळी मी पहिली होते, एवढं तुम्ही लक्षात घ्यावं.

मग कशानेसं मी तिसरी खिडकी उघडून टेस्ट चालू असताना जेपीएस (चालू असलेल्या जेव्हीएमची यादी देणारी आज्ञा) दिलं. दोन ओळी आल्या. एक 'लाँचर', म्हणजे मेव्हन स्वतः. दुसरीत शुअरफायरबूटर. त्या दोन ओळींकडे मी किती वेळ बघत राहिले कोण जाणे. मी रात्रभर लाँचरला विचारत होते. टेस्ट दुसऱ्याच घरात चालू होती.

पुढची पायरी मग अवघड नव्हती. एमव्हीएन टेस्ट देताना 'मेव्हन डॉट शुअरफायर डॉट डीबग' ही प्रॉपर्टी मायनस-डी लावून द्यायची. मग मेव्हन थांबत नाही, टेस्टची जेव्हीएम थांबते, आणि पडद्यावर पोर्ट ५००५ वर ऐकतोय अशी ओळ येते. तिथे जोडलं. या वेळी टेस्टच्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावायचा मोह मी टाळला. तारीख एका दिवसाने सरकतेय म्हणजे टाइमझोन कोणीतरी बदलतंय, तर बदलणाऱ्यालाच पकडावं. 'स्टॉप इन जावा डॉट युटिल डॉट टाइमझोन डॉट सेटडिफॉल्ट.' कॉन्ट. मिनिटभराने ब्रेकपॉइंट हिट, मेन थ्रेड. प्रॉम्प्ट 'मेन[१]' असा झाला. मी 'व्हेअर' (इथवर कोणी कोणाला बोलावलं ते दाखव) टाइप करायला घेतलं तेवढ्यात प्रोसेस मेली. पोममध्ये टेस्टच्या प्रोसेसला सेकंदांची मर्यादा घातलेली होती, आणि कंपाइलनंतर मी जोडायला उशीर केला होता. टेस्ट अडकलीय की माणूस विचार करतोय, हे त्या मर्यादेला कळत नाही. मर्यादा काढून पुन्हा सगळं पहिल्यापासून.

पुन्हा हिट. व्हेअर. पहिली ओळ सेटडिफॉल्टची. दुसऱ्या ओळीत एका टेस्ट क्लासची सेटअप मेथड. त्याखाली टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेच्या, म्हणजे रिफ्लेक्शन आणि जेयुनिटच्या, रांगा. मी 'अप' (एक पायरी मागे, बोलावणाऱ्याकडे) दिलं, प्रॉम्प्ट 'मेन[२]' झाला. 'लिस्ट' दिलं. जोडताना सोर्सपाथ (कोडच्या फाइलींचा पत्ता) दिलेला होता, म्हणून कोड दिसला, बाणासकट. बाण ज्या ओळीवर होता ती मी लिहिलेली होती. दोन वर्षांपूर्वी, एक रिपोर्ट युटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) तपासायचा म्हणून मी डिफॉल्ट टाइमझोन बदलला होता आणि टेस्ट संपल्यावर तो परत ठेवला नव्हता. टेअरडाउन, म्हणजे टेस्टनंतर आवराआवर करणारी मेथडच नव्हती.

त्या नव्या मुलाच्या क्लासमध्ये झोन स्टॅटिक फील्डमध्ये धरलेला होता, क्लास लोड होताना डिफॉल्ट असेल तो. त्याची टेस्ट मात्र त्या क्षणाचा डिफॉल्ट विचारायची. आधी कुठल्या तरी टेस्टने त्याचा क्लास लोड केला, मग माझी टेस्ट चालली, मग त्याची, असा क्रम लागला की दोघांत फरक पडायचा. दुसरा कुठलाही क्रम लागला की सगळं हिरवं. माझ्या पडलेल्या टेस्टमध्येही त्याचाच क्लास वापरलेला होता.

इथे माझ्यातली जुनी मी अजून भांडते. ती म्हणते, झोन स्टॅटिकमध्ये धरायला त्याला कोणी सांगितलं होतं? डिफॉल्ट झोनवर अवलंबून राहणं हीच मुळात चूक. झोन बाहेरून द्यायला हवा होता. हे तिचं म्हणणं बरोबर आहे, आणि रिव्ह्यूत मी आजही तेच लिहीन. पण तो क्लास रिव्ह्यू करून मंजूर मीच केला होता, आणि मीटिंगमध्ये मी जे बोलले ते झोनबद्दल नव्हतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि त्यांचा मेळ मला घालता आलेला नाही.

आता तुमचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे: पोर्ट ५००५ कळलाय, तर आयडीईच जोडायचं ना त्याला. जोडा. मीही जोडते, एसएसएच बोगदा (त्या मशीनपर्यंतची सुरक्षित जोडणी) करून. फक्त एक करू नका. जावा ९ पासून नुसता पोर्ट दिला तर डीबगर फक्त त्याच मशीनवरून जोडता येतो. आणि ते अडचणीचं वाटून लोक पोर्टच्या आधी ताऱ्याची खूण (*) लावून सगळ्या नेटवर्कला दार उघडतात. या प्रोटोकॉलला, जेडीडब्ल्यूपीला, पासवर्ड नाही. जो जोडला जाईल तो तुमच्या प्रोसेसमध्ये हवा तो कोड चालवू शकतो. यावर मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे.

जेडीबीच्या उणिवा मी लपवत नाही. त्यात अटीचा ब्रेकपॉइंट नाही. आधीची आज्ञा बाण दाबून परत येत नाही, म्हणून मी तो आरएलरॅप या ती सोय देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममधून चालवते. नेहमीच्या आज्ञा होम फोल्डरातल्या डॉट जेडीबीआरसी फाइलमध्ये ठेवल्यात, त्या सुरुवातीलाच चालतात. 'प्रिंट' दिलं की तो खरोखर मेथड बोलावतो, त्यामुळे बघता बघता स्थिती बदलू शकते. मी एकदा लेझी कलेक्शन (मागितल्यावरच भरली जाणारी यादी) प्रिंट करून बगच घालवून बसले होते. मेव्हनऐवजी ग्रेडल हे बिल्डचं साधन वापरत असाल तर टेस्टला मायनस मायनस डीबग-जेव्हीएम द्या, तेही ५००५ वरच थांबतं. जेडीबी ग्रेडलच्या टास्कमध्येच घालून चालवायचा प्रयत्न मात्र मी केलाय आणि 'इनपुट स्ट्रीम क्लोज्ड' एवढं वाचून परत आलेय: टास्कचं स्टँडर्ड इनपुट मुळात रिकामं असतं, ते सिस्टीम डॉट इनला स्वतः जोडावं लागतं. त्यापेक्षा दोन खिडक्या बऱ्या.

मध्ये काही काळ मी उलट्या टोकाला गेले होते. नव्या लोकांना जेडीबी आलाच पाहिजे असा आग्रह धरायचे, कोणी आयडीईत डीबग करताना दिसला की टोकायचे. ते चुकीचं होतं, आणि तुमच्यापैकी काहींना त्याचा त्रास झालाय हे मला माहीत आहे. आग्रह एवढाच धरायला हवा होता की कुठल्या जेव्हीएमला जोडलाय हे आधी बघा. जेपीएस द्या, दोन ओळी वाचा, मग जे हवं ते उघडा. पण हेही मी पूर्ण खात्रीने म्हणू शकत नाही, कारण आयडीईत एक क्लिक करून मी त्या बाणापर्यंत पोहोचले असते तर दुसरी जेव्हीएम आहे हे मला कधी कळलं असतं का, कोण जाणे.

टेअरडाउन लिहिलं, जुना झोन परत ठेवला, त्याच्या टेस्टवरचा इग्नोर काढला. कमिटच्या संदेशात स्पष्ट लिहिलं की दोष माझ्या टेस्टचा होता. तो तेव्हा दुसऱ्या टीममध्ये गेला होता. त्याला कमिटची लिंक पाठवली, त्याने 'बघितलं' असं उत्तर दिलं. सोमवारच्या मीटिंगमध्ये मात्र मी ते कधी बोलले नाही. त्या खोलीत जे सगळे होते त्यांच्यापैकी काही जण हे वाचतील.